पंधरा मिनिटं थांबणार कोण?

घड्याळबाईंना हे नाव पहिल्यांदा कोणी चिकटवलं, ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाणाऱ्या बाईला स्वतःच्याच नावाचं मूळ मिळू नये, याची त्यांना बारीकशी रुखरुख होती. नाव मात्र चपखल होतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि ती सगळी वर्षं त्यांच्या गळ्यात निळ्या नाडीला बांधलेला एक टायमर लोंबकळत होता. अंड्याएवढा, कधीकाळी पांढरा असलेला. बटण दाबलं की 'टिक्' व्हायचं आणि वेळ भरली की तो असा कोकलायचा की शेजारच्या एक्स-रे विभागातला माणूससुद्धा दचकून उभा राहायचा. नाडी तीनदा बदलली, टायमर तोच.

बाई चौकस होत्या म्हणजे किती चौकस? एकदा तिसऱ्या मजल्यावरून येणारे रक्ताचे नमुने फक्त मंगळवारीच खराब निघायला लागले. कोणी मशीनला दोष दिला, कोणी हवेला, आणि सगळ्यांनी मिळून नर्सला. बाई तीन मंगळवार शिपायाच्या मागे मागे चालत राहिल्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ आलाय. शेवटी निघालं काय, तर मंगळवारी लिफ्ट धुतात, म्हणून तो जिन्यानं येतो, आणि दोन-दोन पायऱ्या उतरताना ट्रेमधल्या नळ्या घुसळून निघतात. त्याला एकेक पायरी उतरायला सांगितलं आणि प्रश्न मिटला. मोठ्या डॉक्टरांनी बाईंची पाठ थोपटली, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. "ते ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण लिफ्ट मंगळवारीच का धुतात?"

साथ आली तेव्हा लॅबमध्ये रॅपिड टेस्टची खोकीच्या खोकी येऊन पडली. हाताच्या बोटाएवढी प्लॅस्टिकची डबी, तिच्यात कागदाची पट्टी, पट्टीला एक खिडकी. नाकात काडी फिरवायची, ती औषधात घोळायची, तीन थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. खिडकीत दोन रेघांची जागा असते. खालची रेघ आली तर रोग आहे. वरची रेघ रोगाबद्दल काहीच सांगत नाही. पट्टी स्वतः खरी आहे की नाही, एवढंच सांगते. ती आली नाही तर पट्टी टाकून द्यायची. कंपन्यांच्या कागदात तिला काहीतरी भारदस्त नाव होतं. बाई तिला 'इमानाची रेघ' म्हणायच्या, आणि हळूहळू सगळी लॅब तसंच म्हणायला लागली.

बाईंचा नियम कडक होता. थेंब टाकला की टायमर दाबायचा आणि डबीवर पेन्सिलीनं वेळ लिहायची. पेननं नाही, कारण पेनची शाई स्पिरिटच्या हातानं पुसून जाते. पंधरा मिनिटांच्या आत पट्टी वाचायची नाही, कारण रोगाची रेघ आळशी असते, रमतगमत येते. वीस मिनिटांच्या पुढे तर मुळीच वाचायची नाही. पट्टी वाळली की निरोगी माणसाच्या पट्टीवरही फिकट सावली उमटते आणि ती सावली खुशाल रेघेसारखी दिसते. अशा पट्टीला त्या 'शिळी' म्हणायच्या.

त्या काळात बारा कंपन्यांचे किट आले. बाईंनी प्रत्येकाचे शंभर नमुने मोठ्या मशीनशी ताडून पाहिले. कोणी सांगितलं नव्हतं, राहवेना म्हणून. एकाच कंपनीच्या पट्टीवर इमानाची रेघ शंभरच्या शंभर वेळा आली, सरळ आणि ठळक. निवृत्त झाल्यावर बाईंनी फंडातला बराचसा पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातला.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" धाकटी बहीण फोनवर ओरडली. "सोनं घे, मुदत ठेव कर. नाकात घालायच्या काडीवर कोणी पैसे लावतं का?"

"काडीवर नाही लावले," बाई म्हणाल्या, "रेघेवर लावलेत."

याच बहिणीची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, पुढे त्याच कंपनीत नोकरीला लागली, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. भाचीचं आणि त्या लॅबचं नातं जुनं. आई-बाप दोघं कामावर, म्हणून शाळा सुटली की ती मावशीकडे यायची. उंच स्टुलावर बसायची, पाय हवेत. बाई टायमर तिच्या गळ्यात घालायच्या आणि सांगायच्या, "हा वाजेपर्यंत पट्टीकडे बघायचं नाही." तेव्हा वेगळ्या रोगांच्या पट्ट्या होत्या, पण थांबणं तेच होतं. आठ वर्षांची ती पोर दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून बसायची. बोटांच्या फटीतूनसुद्धा कधी पाहिलं नाही तिनं. बाई मात्र तिच्याकडे बघत राहायच्या आणि त्यांना फार बरं वाटायचं. स्वतःचं मूल नव्हतं बाईंना. त्या दुपारी मात्र होत्या.

आता भाची तेहतिशीची. साथ ओसरली, किटचा खप बसला, आणि कंपनीला नवं काहीतरी सुचायलाच हवं होतं. सुचलं ते अ‍ॅप. किटच्या प्रत्येक खोक्याबरोबर अ‍ॅप फुकट. पट्टीचा फोटो काढला की ते निकाल सांगणार, निकाल जपून ठेवणार, डॉक्टरशी गाठ घालून देणार, आणि नंतर झोप, पावलं, वजन असं काय काय विचारत बसणार. दोन वर्षं खपून हे अ‍ॅप भाचीनं केलं होतं. तिच्या हाताखाली अकरा माणसं होती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'थेंब टाका, फोटो काढा, मोकळे व्हा!'

भागधारक मात्र मोकळे व्हायला तयार नव्हते. साथीत याच शेअरवर माडीवर माडी चढवायची स्वप्नं बघितलेली माणसं ती. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून पीत होती. किट विकणाऱ्यांनी किट विकावेत, अ‍ॅपची भानगड कशाला, असं जो तो म्हणत होता. शनिवारी सभा होती. गंगाजळीतला मोठा वाटा या अ‍ॅपच्या जाहिरातीवर खर्च करायचा की नाही, यावर मतं घ्यायची होती.

मंगळवारी भाची किटचं एक खोकं घेऊन मावशीकडे आली. बाईंची जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक टेबल आणि टेबलावर नेहमी काहीतरी उघडून ठेवलेलं: कधी नळाची तोटी, कधी रेडिओ. त्या दिवशी इस्त्री होती. भाचीनं ती बाजूला सारली आणि मावशीच्या फोनवर अ‍ॅप घातलं.

"वापरून बघ," ती म्हणाली. "आणि मावशी, एक सांगू? रागावू नकोस."

"तू सांग, मी मग ठरवते."

"शनिवारी सभेत काही विचारू नकोस. तुझा एक प्रश्न म्हणजे दहा प्रश्न. ती माणसं आधीच निमित्त शोधतायत. ठराव पडला तर माझा विभागच बंद होणार. अकरा जण आहेत गं. एकीला सातवा महिना आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, नखं कुरतडलेली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "सभेत मी तोंड उघडणार नाही. शब्द दिला."

हा शब्द त्यांनी मंगळवारी दिला, आणि बुधवारी सकाळी खोकं उघडलं. तिथेच सगळं घोडं अडलं.

पहिली टेस्ट बाईंनी स्वतःचीच केली. काडी, औषध, तीन थेंब, टायमर, पेन्सिल. पंधरा मिनिटांनी फोटो काढला. फोननं क्षणात पट्टी ओळखली, चौकट जुळवली, हिरवं वर्तुळ दाखवलं: 'संसर्ग आढळला नाही. निश्चिंत राहा.' बाई हरखल्या. तेहतीस वर्षं जे काम त्यांनी चष्मा पुसून पुसून केलं, ते हे एवढंसं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत करत होतं. त्यांनी पट्टी तिरकी धरून बघितली, सावलीत धरून बघितली, उलटी धरून बघितली. प्रत्येक वेळी बरोबर. "शाब्बास गं माझी बाय!" त्या खोलीत एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या.

मग इस्त्री दुरुस्त करायला घेतली. दोन तासांनी टेबल आवरताना ती पट्टी हाताला लागली. शिळी झाली होती, फिकट सावली उमटली होती. फेकून द्यायची ती. पण बाईंच्या मनात आलं, ही फोनला दाखवली तर? दाखवली. लाल वर्तुळ आलं: 'संसर्ग आढळला. घरीच थांबा.' एकच बाई, एकच नाक, एकच पट्टी, आणि सकाळी निश्चिंत असलेली दुपारी रोगी.

बाई खुर्चीत टेकल्या. फोननं एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, थेंब टाकला कधी?

गुरुवारी खालच्या दुकानातल्या टेलरमास्तरांनी हाक मारली. मास्तरांच्या मुलीला मुलगी झाली होती. आठ दिवसांची नात बघायला त्यांना जायचं होतं, आणि दोन दिवस नाक गळत होतं. "बाई, तुमच्याकडे ती नाकातली पट्टी आहे ना? लेकीनं सांगितलंय, तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका." मशीनवर फुलाफुलांचा झबल्याएवढा फ्रॉक तयार होता, घड्या घालून कागदात बांधलेला.

एरवी बाईंनी टेस्ट स्वतः करून दिली असती. पण त्यांना बघायचं होतं की कोणी शिकवलं नाही तर साधा माणूस काय करतो. खोकं त्यांच्या हातात दिलं, अ‍ॅप त्यांच्या फोनवर घातलं आणि त्या पलीकडच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या.

मास्तरांनी खोक्यावरची ठळक ओळ वाचली. आतली घडीची पत्रिका काढली आणि ती चष्म्याखाली ठेवायला वापरली. काडी फिरवली, शिंकले, थेंब टाकला, फोटो काढला. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील. हिरवं वर्तुळ आलं. निश्चिंत राहा.

"झालं!" मास्तर उठले, पुडकं काखेत मारलं, एक पाय चपलेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं त्यांचं झालं होतं.

"बसा," बाई म्हणाल्या.

"आता कशाला? मोकळा झालो की."

"माझ्यासाठी बसा. मी चहा सांगते."

चहा येईपर्यंत नऊ मिनिटं झाली. अकराव्या मिनिटाला खिडकीत खाली काहीतरी पुसट दिसायला लागलं. पंधराव्या मिनिटाला दोन रेघा ठळक उमटल्या होत्या, एकीसारखी दुसरी. मास्तरांनी पट्टी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग त्यांनी चप्पल काढली आणि पुडकं परत मशीनवर ठेवलं.

"आठ दिवसांचं पोर आहे हो ते," ते म्हणाले. "मी उचलून घेणार होतो. मग हा फोन खोटं बोलला का?"

"खोटं नाही बोलला, मास्तर. तुम्ही त्याला लवकर विचारलंत, आणि त्यानं तुम्हाला थांबवलं नाही."

शुक्रवारी सकाळी अकराला बाई कंपनीच्या दारात होत्या. पाचवा मजला, पायाला लागणारा जाड गालिचा, काचेच्या भिंती. एका लांब टेबलाशी अकरा डोकी पडद्यांत खुपसलेली. त्यातल्या सातव्या महिन्याच्या बाईनं पाठीशी उशी घेतली होती आणि पाय उलट्या ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर टेकवले होते. भाचीनं मावशीला एका छोट्या काचेच्या खोलीत नेलं. बाईंनी सगळं सांगितलं: शिळी पट्टी, मास्तर, नात, फ्रॉक. कुठेही तिखटमीठ लावलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुमच्या कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला खरंच समजून घ्यायचंय."

भाची टेबलावरचं पेन फिरवत राहिली.

"आलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या आवृत्तीत टायमर होता. थेंब टाकला की बटण दाबायचं, पंधरा मिनिटं झाल्याशिवाय कॅमेरा उघडायचाच नाही. वीस मिनिटांनंतर बंद."

"मग कोणी काढला?"

"मीच."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मावशी, शंभरातली चव्वेचाळीस माणसं त्या पानावरून निघून जायची. परत यायचीच नाहीत. पंधरा मिनिटं थांबणार कोण? जाहिरात विभाग म्हणाला, 'लगेच' हा शब्द हवा. मी म्हटलं, पत्रिकेत लिहिलेलं आहेच. मग आकडे सुधारले." तिनं मान वर केली. "नंतर परत घालणार आहे. देवाशप्पथ. एकदा ठराव होऊ दे."

"वरिष्ठांना हे ठाऊक आहे?"

"कोणी विचारलं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"झाकली मूठ होती गं ती. दोन दिवस झाकून ठेवली तर काय बिघडतंय?" मग एकदम लहान आवाजात ती म्हणाली, "तू शब्द दिलायस."

"दिलाय," बाई म्हणाल्या.

परतताना त्या बसच्या थांब्यावर बसून राहिल्या. दोन बसगाड्या गेल्या. मोडला शब्द तर भाची गेली, आणि तिच्याबरोबर त्या दुपारी, ते स्टूल, ते हवेतले पाय. पाळला शब्द तर शहरातले सगळे मास्तर आपापली पुडकी काखेत मारून निघणार. इकडे आड तिकडे विहीर. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना असा प्रश्न पडला होता, की ज्याचं उत्तर शोधायची त्यांना भीती वाटली.

शनिवारी हॉलमध्ये दीडशे खुर्च्या होत्या आणि माणसं जेमतेम ऐंशी. बाजूच्या टेबलावर चहा आणि बिस्किटं. बाई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. चांगले कपडे, केस चापून बसवलेले, आणि गळ्यात निळ्या नाडीचा टायमर. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, ऐकायचं यंत्र असावं. ते त्यांच्याशी सबंध वेळ मोठ्यानं बोलत राहिले.

प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर उठले: फुकट अ‍ॅपमधून कंपनीला मिळणार काय? सोनेरी चष्म्याच्या बाई उठल्या: लोकांच्या आजाराची माहिती फुटली तर निस्तरणार कोण? आणखी एकानं विचारलं, साथच नाही तर पट्टी कोण घेणार, आणि पट्टीच नाही तर अ‍ॅप कशाला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाळ्या पडल्या. प्रश्न सगळे रास्त होते. बाईंनी एकेक मन लावून ऐकला आणि त्यांना नवल वाटलं: इतकी हुशार माणसं, इतक्या शंका, पण थेंब टाकल्यावर माणूस नेमकं काय करतो हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. त्यांचे ओठ दोनदा उघडले. दोन्ही वेळा त्यांनी त्यांत बिस्कीट घातलं.

अध्यक्ष घामाघूम झाले होते. "हाताच्या काकणाला आरसा कशाला?" ते म्हणाले. "आमच्या या मुलीनंच अ‍ॅप केलंय. ती आत्ता, तुमच्या समोर, स्वतःची टेस्ट करून दाखवेल. एका मिनिटात निकाल!"

भाची मंचावर आली. तिनं काडी फिरवली, औषधात घोळली. मागच्या मोठ्या पडद्यावर पट्टी दाराएवढी दिसत होती. हॉल गप्प झाला. एक थेंब. दोन. तीन.

टिक्.

आवाज एवढासा, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. लोकांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणाला कळलं नाही कशाचा ते. मंचावर एकीलाच कळलं. फोन धरलेला तिचा हात उचललेलाच राहिला. तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाई समोर बघत होत्या, ओठ मिटलेले, दोन्ही हात मांडीवर.

"हं, घ्या फोटो," अध्यक्ष म्हणाले.

भाचीनं फोन खाली ठेवला. पालथा.

"आत्ता नाही घेता येणार," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं थांबावं लागतं."

"अ‍ॅप तर लगेच सांगतं ना?" मॅनेजर म्हणाले.

"सांगतं. तीच चूक आहे. चूक माझी आहे."

मग ती बोलली. टायमर होता, मी काढला, का काढला, चव्वेचाळीस माणसं, 'लगेच' हा शब्द. नाव न घेता एका शिंप्याचं आणि आठ दिवसांच्या पोरीचंही सांगितलं. आधी आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. अध्यक्षांचा चेहरा बघवत नव्हता. कोणी म्हणालं, हे आधी का नाही सांगितलं? कोणी म्हणालं, आता तरी सांगितलं. दोघं उठून चालते झाले. बाकीचे मात्र, नवल म्हणजे, बसून राहिले. मोठ्या पडद्यावरच्या पट्टीकडे ऐंशी माणसं टक लावून बघत होती. सोनेरी चष्म्याच्या बाईंनी शेजारणीला विचारलं, "अजून किती?" तेवढ्यात टायमर कोकलला आणि निम्मा हॉल खुर्चीतून उडाला.

पट्टीवर एकच रेघ होती. वरची.

ठराव त्या दिवशी मागे घेतला गेला. दोन महिन्यांनी पुन्हा आणायचा, टायमर घालून, हजार माणसांनी वापरून बघितल्यावर, असं ठरलं. सोमवारी शेअर आणखी घसरला. भाचीचे अकराचे सात झाले. गेलेल्या चौघांत ती उशीवाली नव्हती, पण गेले ते चौघेही कोणाचे तरी होतेच. 'लगेच' हा शब्द खोक्यावरून गेला आणि भाचीचं मोठं टेबलही गेलं. आता ती त्या लांब टेबलाच्या कोपऱ्यावर बसायला लागली. हे सगळं बाईंना बहिणीकडून कळलं. भाचीचा फोन आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बाईंनी रेडिओ उघडला आणि तसाच ठेवला. त्यांना खूप एकटं वाटत होतं आणि हे कोणाला सांगायची त्यांना सवय नव्हती.

चौथ्या रविवारी दुपारी दार वाजलं. भाची आत आली, टेबलावरचा रेडिओ बाजूला सारला आणि बसली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"मावशी, एकच विचारते. खरं सांगायचं. ते बटण सवयीनं दाबलं गेलं की मुद्दाम दाबलंस?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग गळ्यातला टायमर काढला, टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"पंधरा मिनिटं थांब. मग सांगते."

भाची रागानं उठायला गेली, आणि तिला हसू फुटलं. ती परत बसली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले. खालून मास्तरांच्या मशीनचा आवाज येत होता. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, पूर्वीसारख्याच. मध्ये एकदा भाचीचे खांदे हलले. रडत होती की हसत होती ते बाईंनी विचारलं नाही.

टायमर वाजला. भाचीनं हात काढले.

"मुद्दाम," बाई म्हणाल्या. "शब्द तोंडाचा दिला होता, बोटाचा नव्हता."

"आणि मी तरीही फोटो काढला असता तर?"

"तर मी गप्प घरी आले असते. कोणाला काही सांगितलं नसतं. फक्त तुझ्याकडे पूर्वीसारखं बघता आलं नसतं मला, जन्मभर." बाईंनी टायमर परत गळ्यात घातला. "अ‍ॅपचं मला बुधवारीच कळलं होतं गं. त्या हॉलमध्ये मी दुसरीच पट्टी वाचत होते."

भाचीनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "इमानाची रेघ आली का?"

"आली की," बाई म्हणाल्या. "वेळेच्या आत."